घरच्या स्टिरिओवर एलपी अधिक चांगल्या ऐकण्यासाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अनेक मराठी घरांत वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळच्या एलपी (लाँग प्ले, म्हणजे मोठ्या रेकॉर्ड) आणि ईपी (कमी गाण्यांच्या लहान रेकॉर्ड) अजूनही जपून ठेवलेल्या आहेत. ख्याल, नाट्यसंगीत, भावगीते, अभंग, जुने चित्रपटसंगीत असा हा संग्रह असतो आणि त्यांतील पुष्कळ ध्वनिमुद्रिका कोलकात्याजवळील दमदमच्या एचएमव्ही कारखान्यात छापलेल्या असतात. हा संग्रह नव्याने ऐकू लागलेल्यांना जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. साठ ते ऐंशीच्या दशकांतील भारतीय छपाईच्या रेकॉर्ड डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत, कारण परदेशी नियतकालिकांतील सल्ला या रेकॉर्डना आणि आपल्या घरांना नेहमीच लागू पडतो असे नाही.

सुधारणा करायची आहे, पण सगळे एकदम बदलणे परवडणारे नाही. सुरुवात कोठून करावी?

सुरुवात रेकॉर्डची खाच आणि सुई यांपासून करावी. रेकॉर्डच्या खाचेतून जे उचललेच गेले नाही, ते पुढचा कितीही महाग ॲम्प्लिफायर किंवा स्पीकर परत आणू शकत नाही. उलट खाचेतून नीट उचललेला आवाज मध्यम दर्जाच्या स्पीकरवरही मन भरून ऐकता येतो. म्हणून क्रम असा ठेवावा: प्रथम रेकॉर्ड धुणे, मग सुई किंवा कार्ट्रिज (सुई धरणारा आणि तिच्या कंपनांचा विद्युत संकेत करणारा भाग) बदलणे आणि ते अचूक बसवणे, त्यानंतर टर्नटेबलचा, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्राचा वेग तपासणे, मग फोनो प्रीॲम्प (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणारे यंत्र), मग स्पीकरची जागा आणि अगदी शेवटी स्पीकर व ॲम्प्लिफायर बदलण्याचा विचार. दुकानात गेल्यावर बहुधा हाच क्रम उलटा सांगितला जातो, कारण मोठ्या वस्तूंच्या किमती मोठ्या असतात. या यादीतील पहिल्या तीन गोष्टी नीट केल्यावर अनेकांना पुढे काही घेण्याची गरजच वाटत नाही, आणि तसे झाले तर वाचलेल्या पैशांत रेकॉर्ड घ्याव्यात.

जुन्या रेकॉर्ड धुता येतात का? कशाने धुवाव्यात?

एलपी आणि ईपी व्हायनिलच्या असतात आणि त्या धुता येतात, नव्हे धुतल्याच पाहिजेत. कोकणपट्टीत आणि मुंबईत दमट हवेमुळे त्यांच्यावर बुरशीचे फिकट ठिपके उमटतात. वाजवताना तेच सतत चालणाऱ्या चरचरीसारखे ऐकू येतात आणि ऐकणारा रेकॉर्ड घासली गेली असे समजून ती बाजूला टाकतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बिनसुगंधी डिशवॉशचे दोन-चार थेंब घालावेत, मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने, म्हणजे गोलाकार, हलक्या हाताने धुवावे, नंतर निव्वळ डिस्टिल्ड वॉटरने खळबळून मायक्रोफायबरच्या स्वच्छ कापडाने टिपावे आणि उभे ठेवून पूर्ण वाळू द्यावे. नळाचे किंवा बोअरचे पाणी वापरू नये, कारण त्यातील क्षार खाचेत बसतात आणि चरचर वाढते. मधल्या कागदी लेबलवर पाणी जाऊ देऊ नये. बुरशी चिवट असेल तर पाण्यात दहा ते वीस टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळता येते.

मात्र मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. त्यांना अल्कोहोल लावल्यास पृष्ठभाग कायमचा जातो. धुण्यापूर्वी तबकडी कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे: हातात जड लागणारी, जाड आणि न वाकणारी तबकडी लाखेची असण्याची शक्यता जास्त असते.

धुतलेली रेकॉर्ड जुन्या, धुळीने भरलेल्या आतल्या कागदी पिशवीत परत घालू नये. त्यासाठी नवी अँटिस्टॅटिक पिशवी वापरावी आणि जुनी पिशवी आठवण म्हणून वेगळी ठेवावी.

सुई झिजली आहे हे कसे ओळखावे?

भावगीतातील ‘स’, ‘श’ आणि ‘च’ ही अक्षरे थुंकल्यासारखी, फाटकी ऐकू येऊ लागली, तंबोऱ्याची आस बोथट वाटू लागली, किंवा रेकॉर्डच्या सुरुवातीला ठीक असलेला आवाज लेबलजवळ येताना चिरका होऊ लागला, तर सुईवर संशय घ्यावा. सामान्य गोल किंवा लंबगोल टोकाची हिऱ्याची सुई साधारण ३०० ते ५०० तास चांगली चालते. रोज एक एलपी दोन्ही बाजूंनी ऐकणाऱ्या घरात हे आयुष्य एक-दीड वर्षाचे होते. वापर किती झाला हे माहीत नसेल, विशेषतः टर्नटेबल जुन्या बाजारातून घेतलेले असेल, तर सुई बदलूनच पहिली रेकॉर्ड लावावी. झिजलेल्या सुईला कडा येतात आणि त्या खाचेची भिंत खरवडतात. एकदा खरवडलेली खाच पुन्हा दुरुस्त होत नाही. सुईची किंमत आणि मिळेनाशा झालेल्या रेकॉर्डची किंमत शेजारी मांडून पाहावी.

गोल, लंबगोल, मायक्रोलिनियर असे सुईचे प्रकार सांगतात. त्यांचा खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि आपल्या संगीतात तो इतरांहून जास्त पडतो. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

बारा इंची एलपी मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते. फेऱ्यांचा वेग तोच राहतो, पण बाहेरच्या कडेला एका फेरीत सुईखालून जाणारे अंतर मोठे असते आणि लेबलजवळ लहान. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते. लेबलजवळ हाच वेग सुमारे २१ सेंटिमीटरवर येतो. म्हणजे तितकाच आवाज तेथे निम्म्याहूनही कमी जागेत कोंबलेला असतो. सेकंदाला दहा हजार कंपनांचा स्वर लेबलजवळ अवघ्या २१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या लाटेत कोरलेला असतो, आणि गोल टोकाच्या सुईची त्रिज्या असते सुमारे १८ मायक्रॉन. इतके जाड टोक त्या लाटेच्या खळग्यात उतरूच शकत नाही. ते वरच्या वर घसरत जाते आणि तोच कर्कशपणा आपल्याला ऐकू येतो. लंबगोल टोकाची बाजूची त्रिज्या सुमारे ८ मायक्रॉन असते आणि मायक्रोलिनियरची सुमारे ३ मायक्रॉन.

आता ख्यालाच्या एलपीची मांडणी आठवावी. एका बाजूला साधारण वीस-पंचवीस मिनिटे मिळतात. त्यांत विलंबित बाहेरच्या खाचांत येते आणि द्रुत, त्यातल्या सगळ्यांत वेगवान ताना आणि तबल्याची अतिद्रुत लय, नेमकी लेबलजवळच्या खाचांत येते. जेथे सुईला सर्वांत कमी जागा, तेथेच गायकाने सर्वांत जास्त काम केलेले असते. पंडित भीमसेन जोशी किंवा किशोरीताई आमोणकर यांच्या एलपीवरील द्रुताच्या शेवटी आवाज फाटतो म्हणून छपाईला दोष देणाऱ्यांनी आधी एकदा बारीक टोकाच्या सुईने तीच बाजू ऐकावी.

याला दुसरी बाजूही आहे. जुन्या रेकॉर्ड अनेक वर्षे जाड टोकाच्या सुयांनी वाजल्या आहेत आणि त्या सुयांनी खाचेच्या भिंतीचा ठरावीक पट्टा झिजवला आहे. बारीक टोक भिंतीला अधिक उंचीवर आणि अधिक खोलवर टेकत असल्यामुळे अनेकदा न झिजलेला भाग वाचते आणि रेकॉर्ड नवी झाल्यासारखी वाटते. पण क्वचित खाचेच्या तळाशी साचलेला मळही तेच उकरते. म्हणून बारीक सुई लावण्यापूर्वी रेकॉर्ड धुणे अपरिहार्य आहे.

कोणते कार्ट्रिज घ्यावे?

पहिली पायरी म्हणून मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे एमएम प्रकारचे आणि सुई वेगळी काढता येणारे कार्ट्रिज घ्यावे. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ मालिका या दृष्टीने सोयीची आहे: एकाच अंगावर गोल, लंबगोल, मायक्रोलिनियर, शिबाटा आणि ७८ च्या तबकड्यांची जाड सुई अशा सर्व सुया बसतात. आज लंबगोल सुईने सुरुवात करून ती झिजल्यावर मायक्रोलिनियर घेता येते. ऑर्टोफॉनच्या २एम रेड कार्ट्रिजवर २एम ब्लूची सुई बसते, तोही चांगला मार्ग आहे.

मूव्हिंग कॉइल, म्हणजे एमसी कार्ट्रिज नाजूक आवाज देतात हे खरे, परंतु त्यांचा विद्युत संकेत एमएमच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका असतो, त्यासाठी वेगळा प्रीॲम्प लागतो आणि बहुतेकांची सुई घरी बदलता येत नाही. बाकी सर्व साखळी जागेवर आल्यावरच त्याचा विचार करावा.

नवे कार्ट्रिज स्वतः बसवता येते का?

येते. घाई न करता एक संध्याकाळ द्यावी लागते. चार रंगीत तारा, दोन स्क्रू, एक छापील मोजपट्टी म्हणजे प्रोट्रॅक्टर आणि सुईचा भार मोजणारा छोटा डिजिटल काटा एवढे साहित्य पुरते. हा काटा स्वस्त असतो आणि आयुष्यभर उपयोगी पडतो.

तारा लावताना पांढरी तार डाव्या बाजूची, निळी डाव्याची ऋण, लाल उजव्याची आणि हिरवी उजव्याची ऋण हे लक्षात ठेवावे. चिमट्याने तारेची टोपी धरावी, तार ओढू नये. त्यानंतर प्रोट्रॅक्टरवरील दोन खुणांवर सुई टेकवून कार्ट्रिजच्या कडा जाळीच्या रेषांना समांतर येईपर्यंत ते पुढेमागे आणि किंचित फिरवून बसवावे. प्रचलित मांडणीत या दोन खुणा मध्यापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरच्या आसपास असतात. दोन्ही ठिकाणी समांतर आले तरच स्क्रू घट्ट करावेत, आणि घट्ट केल्यावर पुन्हा तपासावे, कारण शेवटच्या अर्ध्या वळशात कार्ट्रिज हमखास सरकते.

मग कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीच्या (टोनआर्मच्या) मागचे वजन फिरवून ती अधांतरी आडवी राहील असे करावे, तेथे आकड्यांची कडी शून्यावर आणावी आणि नंतर उत्पादकाने सांगितलेला भार द्यावा. व्हीएम९५ च्या एलपीसाठीच्या सुयांना तो १.८ ते २.२ ग्रॅम आहे. काट्यावर तो पुन्हा मोजावा. कडीवरील आकडा आणि काट्यावरील आकडा यांत तफावत आढळली तर काट्यावर विश्वास ठेवावा.

रेकॉर्ड जपण्यासाठी भार कमी ठेवावा असा समज पुष्कळ घरांत आहे आणि तो घातक आहे. भार अपुरा असेल तर मोठ्या आवाजाच्या जागी सुई खाचेत न राहता भिंतींवर आपटते, आणि रेकॉर्डचे खरे नुकसान त्या आपटण्याने होते. सांगितलेल्या मर्यादेच्या मध्यावर किंवा किंचित वर भार ठेवणे सुरक्षित असते. अँटिस्केटचा, म्हणजे दांडीला आत खेचणाऱ्या ओढीला तोल देणाऱ्या जुळणीचा आकडा साधारण भाराइतका ठेवावा. उजव्या स्पीकरमधून आवाज आधी फाटत असेल तर तो थोडा वाढवावा.

टर्नटेबल नवे घ्यावे की जुनेच दुरुस्त करावे?

हे ठरवण्यासाठी आपल्याकडे फुकटचे आणि अतिशय कठोर परीक्षक आहे, ते म्हणजे तंबोरा. ख्यालाच्या बहुतेक एलपींच्या आरंभी, गायकाने पहिला षड्ज लावण्यापूर्वी, काही क्षण नुसता तंबोरा वाजत असतो. तो भाग डोळे मिटून ऐकावा. षड्ज स्थिर उभा राहिला पाहिजे. तो हळूच चढत-उतरत असेल, तर त्या हेलकाव्याचा काळ मोजावा. सुमारे १.८ सेकंदांनी, म्हणजे रेकॉर्डच्या प्रत्येक फेरीला एकदा तो येत असेल, तर बहुधा रेकॉर्डचे भोक मध्यावर नाही किंवा रेकॉर्ड वाकलेली आहे. दुसऱ्या रेकॉर्डवर तो नाहीसा होतो. सर्वच रेकॉर्डवर तो असेल किंवा त्यापेक्षा जलद थरथर जाणवत असेल, तर दोष यंत्रात आहे. पियानोच्या रेकॉर्डवर हाच दोष लांबलेल्या स्वरात उघडा पडतो; पण सतत चालणारा तंबोरा त्याला लपायला जागाच देत नाही.

यंत्रातील दोषांपैकी पुष्कळसे स्वस्तात दूर होतात. पट्ट्यावर चालणाऱ्या टर्नटेबलचा रबरी पट्टा आपल्या उन्हाळ्यात काही वर्षांत सैल पडतो, तो बदलावा. रबरी चाकाने फिरणाऱ्या जुन्या गॅरार्ड किंवा लेन्को यंत्रांत ते चाक कडक होऊन घरघर करते. ते नव्याने रबर चढवून घेता येते. मधल्या दांड्याचे बेअरिंग स्वच्छ करून थेंबभर योग्य तेल घालावे. एवढे करूनही षड्ज हलत असेल, तर नवे टर्नटेबल घ्यावे.

वेग नेमका आहे का हे पाहण्यासाठी स्ट्रोबची, म्हणजे गोलाकार रेघा छापलेली चकती फिरत्या टर्नटेबलवर ठेवून दिव्याखाली पाहावी. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ३३ १/३ फेऱ्यांसाठी १८० रेघांचे वर्तुळ स्थिर दिसले पाहिजे. एलईडी दिव्याखाली ते बहुधा नीट दिसत नाही, जुना तारेचा बल्ब किंवा चोकची ट्यूबलाइट घ्यावी. वेग एक टक्का जास्त झाला तर सगळे गाणे षड्ज आणि कोमल ऋषभ यांच्यातील अंतराच्या साधारण सहाव्या हिश्श्याने चढते. रेकॉर्डसोबत पेटी किंवा तंबोरा लावून रियाज करणाऱ्यांना हे लगेच बोचते.

अमेरिकेतील नातेवाइकांनी त्यांचे जुने टर्नटेबल दिले आहे. ते येथे चालेल का?

मोटर कोणत्या प्रकारची आहे यावर ते अवलंबून आहे. अडॅप्टरवर चालणारी डीसी मोटर असेल तर येथील २३० व्होल्टचा योग्य अडॅप्टर लावला की झाले. पण जुन्या अनेक यंत्रांत विजेच्या कंपनांशी बांधलेली एसी मोटर असते. तिला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावला तरी तो फक्त व्होल्ट उतरवतो, ६० चे ५० हर्ट्झ झालेले बदलत नाही. ते टर्नटेबल येथे ३३ १/३ ऐवजी सुमारे २७.८ फेऱ्यांनी फिरते आणि पेटीच्या काळी एक पट्टीतले गाणे खाली उतरून काळी पाचच्या आसपास जाते. त्या यंत्राची ५० हर्ट्झसाठीची मोठी पुली मिळत असेल तर ती बसवावी, नाहीतर इलेक्ट्रॉनिक वेगनियंत्रक लागतो. आखाती देशांतून किंवा युरोपातून आणलेल्या यंत्राबाबतही मागची पट्टी वाचून व्होल्ट आणि हर्ट्झ दोन्ही तपासावेत.

फोनो प्रीॲम्प म्हणजे काय? तो वेगळा घ्यावाच लागतो का?

एमएम कार्ट्रिजमधून ३ ते ५ मिलिव्होल्ट इतका क्षीण संकेत निघतो. सीडी प्लेयरच्या संकेताच्या तुलनेत तो शेकडो पटींनी लहान असतो. शिवाय रेकॉर्ड कोरताना मंद्र स्वर मुद्दाम कमी आणि तार स्वर मुद्दाम जास्त ठेवलेले असतात, कारण मंद्राच्या रुंद लाटांनी जागा खाल्ली असती आणि तार बाजू पृष्ठभागाच्या खरखरीत बुडाली असती. २० हर्ट्झला ही घट आणि २० हजार हर्ट्झला ही वाढ प्रत्येकी जवळजवळ २० डेसिबल, म्हणजे दहा पट असते. १९५४ पासून रूढ झालेल्या या मोजणीला आरआयएए वक्र म्हणतात. फोनो प्रीॲम्प संकेत सुमारे शंभर पट वाढवतो आणि हा वक्र उलटा लावून स्वरांचे मूळ प्रमाण परत आणतो.

ॲम्प्लिफायरच्या मागे ‘फोनो’ लिहिलेली जोडणी असेल किंवा टर्नटेबलमध्येच प्रीॲम्प असेल तर वेगळा घेणे सक्तीचे नाही. फक्त दोन्ही एकदम वापरू नयेत. तसे केल्यास आवाज जाड, घुमणारा आणि फाटका येतो. टर्नटेबलच्या मागच्या खटक्याने त्यातील प्रीॲम्प बंद करता येतो. टर्नटेबलमध्ये अंतर्भूत असलेले स्वस्त प्रीॲम्प बहुधा सपाट आवाजाचे असतात, आणि सुईनंतर सर्वांत लवकर कानाला जाणवणारा बदल वेगळ्या, शांत प्रीॲम्पने होतो. त्याचा एमएमसाठीचा रोध ४७ किलोओहम असावा. केबल एक-सव्वा मीटरपेक्षा लांब नको, कारण लांब केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याचा गुण) वाढते आणि तार स्वरांचा तोल बिघडतो. त्यापलीकडे केबलवर मोठा खर्च करण्याचे कारण नाही.

टर्नटेबल लावले की ‘हम्’ असा सतत आवाज येतो. तो कशाने जाईल?

टर्नटेबलमधून निघणारी बारीक अर्थची तार प्रीॲम्पच्या स्क्रूला जोडली आहे का ते प्रथम पाहावे. ती जोडलेली असूनही गुणगुण येत असेल तर घरच्या अर्थिंगकडे वळावे. जुन्या चाळींत आणि इमारतींत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. सर्व यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर जोडावीत. प्रीॲम्प ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरवर ठेवू नये, शेजारी थोडे अंतर ठेवावे.

सतत गुणगुण न येता बारीक, तिखट ‘झर्र’ असा आवाज येत असेल आणि पंखा बंद केल्यावर तो थांबत असेल, तर पंख्याचा रेग्युलेटर बदलावा. सलग फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमधून असा उपद्रव होतो. पायऱ्यापायऱ्यांचा कपॅसिटर प्रकारचा रेग्युलेटर शांत असतो. वीज गेल्यावर चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर स्टिरिओ चालवणेही टाळावे.

घरी सत्तरच्या दशकातील ॲम्प्लिफायर आहे. तो टाकून द्यावा का?

बहुधा नाही. त्या काळातील चांगल्या ॲम्प्लिफायरना फोनो जोडणी असते आणि अनेकदा मोनोचे (दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणारे) बटणही असते, जे आज दुर्मिळ आहे. मात्र त्यांतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असतात, आवाजाच्या बटणाखाली मळ साचून खरखर येते. जाणकार तंत्रज्ञाकडून कपॅसिटर बदलून आणि बटणे साफ करून घ्यावीत. पाच पिनांचे जुन्या पद्धतीचे गोल डिन सॉकेट असेल तर त्यासाठी आरसीएचा, म्हणजे आजच्या लाल-पांढऱ्या पिनांचा जोड मिळतो. अनेक वर्षे बंद असलेला ॲम्प्लिफायर तपासल्याशिवाय एकदम विजेवर लावू नये. बिघडलेला असल्यास तो स्पीकरही जाळतो.

शक्तीची चिंता करू नये. दहा बाय बाराच्या दिवाणखान्यात मध्यम संवेदनशीलतेच्या स्पीकरना चॅनेलमागे ३० ते ५० वॉट भरपूर होतात.

स्पीकर आणि टर्नटेबल कोठे ठेवावेत?

दोन्ही एकाच टेबलावर ठेवू नयेत, हा पहिला नियम आहे. स्पीकरचा थरार टेबलातून सुईपर्यंत पोहोचतो, सुई तो पुन्हा वाजवते आणि मंद्र स्वर घुमू लागतात. आपल्या इमारतींची जमीन स्लॅबची असल्यामुळे भक्कम कपाटावर किंवा भिंतीत ठोकलेल्या फळीवर टर्नटेबल छान राहते. वाड्यातील लाकडी तक्तपोशीवर मात्र पावलागणिक सुई उडते, तेथे भिंतीवरची फळीच हवी. स्वयंपाकघराच्या ओट्याचा उरलेला कडप्प्याचा तुकडा टर्नटेबलखाली उत्तम आधार देतो, पण दगड नुसता ठेवल्यास टणटणतो, म्हणून त्याखाली रबराचे मऊ पाय द्यावेत. स्पिरिट लेव्हलने पृष्ठभाग सपाट करून घ्यावा.

स्पीकर कपाटाच्या वर किंवा कोपऱ्यात कोंबलेले असतात, तेथून ते खाली आणावेत. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर पेटीतील तार स्वरांचा लहान स्पीकर (ट्वीटर) यावा, मागच्या भिंतीपासून किमान फूटभर अंतर असावे आणि दोन स्पीकर व ऐकणारा मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा. व्हिट्रिफाइड फरशी, काच आणि कोऱ्या भिंती यांमुळे आवाज कडक होतो. जमिनीवर जाड सतरंजी, खिडकीला जाड पडदा आणि एका भिंतीला पुस्तकांचे कपाट एवढ्याने तो निवळतो. नवे स्पीकर घेण्याआधी हे करून पाहावे, कारण याला खर्च जवळजवळ नाही आणि परिणाम मोठा आहे.

जुन्या ईपी मोनो आहेत. त्यांच्यासाठी वेगळे काही करावे का?

ॲम्प्लिफायरवर किंवा फोनो प्रीॲम्पवर मोनोचे बटण असेल तर ते अवश्य दाबावे. मोनो रेकॉर्डच्या खाचेत गाणे फक्त आडव्या हालचालीत असते. उभ्या हालचालीत असते ती केवळ धूळ, झीज आणि खरखर. दोन्ही चॅनेल एकत्र केले की उभी हालचाल परस्परांना छेदून नाहीशी होते आणि आवाज एकदम शांत होतो. रेकॉर्ड मोनो आहे का हे वेष्टनावर लिहिलेले असते; एचएमव्हीच्या भारतीय एलपींत ईएएलपी आणि ईसीएलपी हे क्रमांक मोनोचे, तर ईएएसडी आणि ईसीएसडी स्टिरिओचे आहेत. नवा प्रीॲम्प घेताना मराठी ईपींचा संग्रह मोठा असेल तर मोनोचे बटण ही चैन समजू नये.

याच टर्नटेबलवर ७८ च्या तबकड्या वाजवता येतील का?

तीन अटींवर. टर्नटेबलला ७८ चा वेग हवा, सुई सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येची म्हणजे एलपीच्या सुईच्या चौपट जाड हवी, आणि स्वरांचा तोल हाताने सुधारण्याची तयारी हवी, कारण त्या काळी प्रत्येक कंपनीचा कोरण्याचा वक्र वेगळा होता. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, मास्टर दीनानाथ यांचे गाणे या तबकड्यांवर आहे, त्यामुळे हे कष्ट घेण्यासारखे आहेत. एलपीच्या सुईने ७८ वाजवू नये. ती खाचेच्या तळाशी खडखडत जाते आणि स्वतः खराब होते. वेग थोडा कमीजास्त करता येणारे यंत्र मिळाले तर फार उत्तम, कारण फार जुन्या तबकड्या नेमक्या ७८ वर मुद्रित झालेल्या असतातच असे नाही.

सूटकेससारखा मिळणारा प्लेयर सुधारता येईल का?

नाही. त्यात सिरॅमिक कार्ट्रिज असते, सुईचा भार बहुधा ५ ग्रॅमच्या आसपास असतो आणि तो बदलता येत नाही. एचएमव्हीच्या जुन्या फिएस्टा किंवा कॅलिप्सो प्लेयरची गोष्टही याच जातीची आहे. ती यंत्रे जपावीत, पण ज्या रेकॉर्ड पुन्हा मिळणार नाहीत त्या त्यांवर वारंवार लावू नयेत.

ब्लूटूथ स्पीकरवर एलपी ऐकल्यास काय बिघडते?

रेकॉर्ड बिघडत नाही, पण सुई आणि प्रीॲम्पवर केलेला खर्च बऱ्याच अंशी वाया जातो, कारण आवाज पाठवण्यापूर्वी आकुंचित केला जातो. तार जोडणे शक्य असेल तेथे तारच वापरावी. रेकॉर्डचे डिजिटल रूपांतर करायचे असेल, तर ते नवी सुई बसवून आणि रेकॉर्ड धुऊन झाल्यावरच करावे आणि चरचर काढणारी प्रक्रिया न केलेली मूळ प्रत वेगळी ठेवावी. त्या प्रक्रियेत तंबोऱ्याची जवारीही, म्हणजे तारांचा झणकारही थोडा पुसला जातो.

पावसाळ्यात रेकॉर्ड कशा ठेवाव्यात?

उभ्या, एकमेकींना आधार देतील इतक्या जवळ, पण दाबून नव्हे. बाहेरच्या ओलसर भिंतीला लागून असलेले कपाट टाळावे आणि पत्र्याखालचा माळाही टाळावा, कारण उन्हाळ्यात तेथे रेकॉर्ड वाकतात. कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्यात आणि त्या ओल शोषून घेतल्यावर बदलाव्यात किंवा वाळवून घ्याव्यात. कोरड्या दिवशी कपाट तासभर उघडे ठेवावे. बाहेरचे प्लास्टिकचे आवरण पावसाळ्यात तोंडाशी चिकटवून बंद करू नये. आत अडकलेल्या ओलीने पुठ्ठ्यावर आणि लेबलवर बुरशी धरते, आणि एका रेकॉर्डवर धरलेली बुरशी शेजारच्या रेकॉर्डवर पसरते. बुरशी दिसलेली रेकॉर्ड लगेच वेगळी काढून धुवावी आणि तिचे पुठ्ठ्याचे वेष्टन कोरड्या मऊ ब्रशने घराबाहेर झटकावे.